पतंगाची नवी प्रजाती कशी ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. मृग लागला की विद्यार्थ्यांना घेऊन आसपासच्या गावांत रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावतो, आणि पडद्यावर येऊन बसणाऱ्या पतंगांची नोंद ठेवतो. त्याच सुमारास फोनवर फोटो यायला लागतात. रोवणीवरून परतलेला शेतकरी, नाक्यावरचा वनरक्षक, आठवीतली पोरं, सगळ्यांच्या फोटोखाली एकच ओळ असते: "सर, हे पाखरू नवीन हाय का जी?" प्रत्येकाला वेगळं लिहिताना बरंच सांगायचं राहून जातं, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

माझ्या अंगणात दिव्यावर आलेला पतंग खरंच नवीन असू शकतो का?

असू शकतो. भारतातून आजवर १०,००० हून जास्त पतंगांची नोंद झाली आहे. फुलपाखरांची संख्या याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास भरते. फुलपाखरांमागे शंभर-दीडशे वर्षं लोक जाळं घेऊन फिरले. रात्रीच्या पाखरांकडे फार थोड्यांनी पाहिलं, त्यातही पूर्व विदर्भाच्या जंगलात रात्र काढून पाहणारे मोजकेच.

पण कुठे पाहायचं हेही समजून घ्या. लोक मला फोटो पाठवतात ते तळहाताएवढ्या, डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या पतंगांचे. एवढे मोठे पतंग जुन्या संग्राहकांच्या नजरेतून सुटलेले नाहीत. नवीन काही निघालं तर ते बहुतेक तांदळाच्या दाण्याएवढं, राखाडी किंवा तपकिरी असेल आणि ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर बसलेलं असेल. आपण त्याला झाडूने झटकून टाकतो.

दर पावसाळ्यात "दुर्मिळ पतंग आढळला" अशी बातमी येते, त्याचं काय?

ती बहुतेक अ‍ॅटलास पतंगाची नाहीतर लांब शेपट्यांच्या हिरवट मून मॉथची असते. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने अ‍ॅटलासला १७५८ मध्येच नाव दिलं आहे आणि मून मॉथलाही नाव मिळून दोनशे वर्षं झाली. ते जगतात थोडे दिवस आणि उडतात रात्री, म्हणून आपल्याला क्वचित दिसतात.

"जाती" म्हणायचं की "प्रजाती"?

वर्तमानपत्रात ज्याला प्रजाती म्हणतात त्याला विश्वकोशात जाती म्हटलेलं आढळेल, आणि काही पुस्तकांत प्रजाती हा शब्द त्यावरच्या मोठ्या गटासाठी येतो. मुलांचा यात फार गोंधळ होतो. इथे मी लोकांच्या तोंडचा शब्द घेतला आहे, प्रजाती. तिच्या वरच्या गटाला वंश म्हटलं आहे.

नवीन म्हणजे नेमकं कोणासाठी नवीन?

तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला पतंग तुमच्यासाठी नवीन. जिल्ह्यात किंवा देशात आधी कोणी नोंदवलेला नसेल तर ती "नवी नोंद". आणि जगात कुठेही, कोणीही, कधीही ज्याला शास्त्रीय नाव दिलेलं नाही ती "नवी प्रजाती".

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आठवा, तीही एका पतंगाचीच. २०१८ मध्ये ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि बघता बघता आपल्या मक्यावर आली. शेतकरी तिला "नवीन अळी" म्हणाले आणि ते बरोबरच होतं. पण शास्त्रात तिचं नाव १७९७ पासून आहे. ती देशाला नवी होती, शास्त्राला जुनी. नव्या नोंदीला मी कमी लेखत नाही. ती वेळेवर झाली तर शिवार वाचतं.

दोन पतंग दिसायला वेगळे असले, की दोन प्रजाती झाल्या ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. धानाच्या पिवळ्या खोडकिड्याची मादी पाहा: पिवळे पंख आणि पुढच्या प्रत्येक पंखावर एक ठळक काळा ठिपका. नर लहान, मळकट तपकिरी, आणि तो ठिपका त्याच्यावर तसा उठून दिसत नाही. शेजारी शेजारी ठेवले तर कोणीही दोन वेगळी पाखरं म्हणेल.

आरमोरीकडच्या ढिवर बांधवांना हे शिकवावं लागत नाही. ऐनाच्या झाडावर कोसा पाळणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, की त्याच कोशांच्या ढिगातून तांबूस नर निघतो आणि पिवळसर मादी निघते. टसरच्या या पतंगाचे, अँथेरिया मायलिटाचे, देशभरात चाळीसहून अधिक स्थानिक वाण सांगितले जातात. त्यातला एक तर "भंडारा" याच नावाने ओळखला जातो. कोशाचा आकार, रंग, धाग्याची जाडी सगळं बदलतं, तरी प्रजाती एकच. काही पतंगांत उन्हाळी पिढी फिकट आणि पावसाळी पिढी गडद असते. जुने, पंख घासले गेलेले नमुने तर आणखीनच वेगळे दिसतात.

म्हणून एकच नमुना हातात असताना कोणी "नवीन" म्हणाला, तर मी आधी विचारतो: नर की मादी? बहुतेक पतंगांचे पुढचे आणि मागचे पंख राठ केसाने जोडलेले असतात. त्यांत सहसा नराला असा एकच जाड केस असतो आणि मादीला दोन किंवा अधिक बारीक. दहा रुपयांच्या भिंगातून हे दिसतं. आधी एवढं पाहून घ्या.

आणि अगदी सारखे दिसणारे?

तेही असतात. सोपं उदाहरण कापसातलं आहे. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या दोन प्रजाती आपल्याकडे एकाच शेतात असू शकतात. अळ्या पाहून भलेभले चुकतात, पतंग पाहिला की फरक कळतो. इअ‍ॅरिअस व्हिटेलाच्या पुढच्या फिकट पंखावर मधोमध हिरवा, पाचरीसारखा पट्टा असतो. इअ‍ॅरिअस इन्सुलानाचा पुढचा पंख सबंध हिरवा. अळी पानासकट बरणीत ठेवा, तोंडाला फडकं बांधा, पतंग निघाला की स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला धडा हाच देतो.

पण हरभऱ्यावरची घाटे अळी घ्या. तिचा पतंग हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा आणि अमेरिका खंडातला हेलिकोव्हर्पा झिया पंखांवरून खात्रीने वेगळे काढता येत नाहीत. नराचं जननेंद्रिय उघडलं, की आतल्या पिशवीच्या बुडाशी झियामध्ये तीन फुगवटे दिसतात आणि आर्मिजेरामध्ये एक. २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये आर्मिजेराची नोंद झाली, तेव्हा तिथे आधीपासून असलेल्या झियाशी तिची गल्लत होणं साहजिक होतं. एका फुगवट्याचा आणि तिनाचा हिशेब कोणीतरी मांडून ठेवला होता, म्हणून ती ओळखता आली.

जननेंद्रियच का? आणि ते पाहतात कसं?

कारण एका प्रजातीत या भागाचा आकार बऱ्यापैकी स्थिर असतो आणि जवळच्या दोन प्रजातींत तो बहुधा वेगळा निघतो. पंखांचा रंग पावसापाण्याने, वयाने बदलतो. हा भाग कठीण कायटिनचा, शरीराच्या आत जपलेला असतो.

काम बारीक आहे, पण गूढ काही नाही. वाळलेल्या पतंगाचं पोट सुईने हलकेच वेगळं करायचं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात रात्रभर ठेवायचं, किंवा थोडा वेळ गरम करायचं. मांस विरघळतं, कठीण भाग तेवढे उरतात. मग पाण्यात घेऊन मऊ कुंचल्याने खवले झाडायचे. खवले सुटतात तेव्हा बशीत सोनेरी राख पसरल्यासारखी दिसते. नराच्या टोकाला वरून वाकलेला एक आकडा असतो, दोन्ही बाजूंना चिमट्यासारख्या दोन पाकळ्या आणि मधे एक नळी. नळीतली पातळ पिशवी उलटून बाहेर काढावी लागते, मोज्याचं बोट उलटावं तशी. तिच्यावर काटे किती, कुठे, केवढे, हे मोजायचं. मादीत पोटाच्या आत एक पिशवी असते आणि पुष्कळदा तिच्या भिंतीवर काटेरी ठिपका असतो. तो ताऱ्यासारखा आहे की पट्टीसारखा, यावर पुष्कळ काही ठरतं.

पहिल्यांदा माझा हात इतका कापला, की पिशवी फाटली आणि नमुना वाया गेला. आता मुलांना आधी दिव्याखाली मरून पडलेल्या साध्या पतंगांवर पन्नास वेळा सराव करायला लावतो.

डीएनए तपासला की झालं ना?

मदत खूप होते. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं, की प्राण्यांच्या पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या सीओआय या जनुकाचा ठरावीक तुकडा बारकोडसारखा वापरावा. हा तुकडा ६५८ अक्षरांचा आहे. पतंगाचा एक पाय पुरतो, बाकी नमुना शाबूत राहतो. नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत का, किंवा ही अळी त्याच पतंगाची आहे का, हे जुळवायला याच्यासारखं साधन नाही.

पण "दोन-तीन टक्के फरक दिसला, म्हणजे नवी प्रजाती" असा नियम नाही. काही पतंगांत एकाच प्रजातीत तेवढा फरक सापडतो, तर काही जुळ्या प्रजातींत जवळजवळ काहीच नाही. वोल्बाकियासारखे जिवाणू आईकडून पिल्लांकडे जातात आणि हा हिशेब बिघडवू शकतात. पंख, जननेंद्रिय, डीएनए, खाद्यवनस्पती हे सगळं एकाच बाजूला बोट दाखवू लागलं, तर माझा विश्वास बसतो.

इतक्या जुन्या नावांच्या मागे का लागता?

कारण नियम असा आहे, की आधी दिलेलं नाव टिकतं. प्राण्यांच्या नावांची गणना लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, १ जानेवारी १७५८ पासून धरतात. तेव्हापासून आजपर्यंत कोणी तोच पतंग दुसऱ्या नावाने वर्णिला असेल, तर माझं नाव फक्त जादाचं ओझं ठरेल. भारतातल्या पतंगांवर हॅम्पसनने १८९२ ते १८९६ या काळात चार खंड लिहिले. अजूनही सुरुवात तिथूनच करावी लागते. त्या काळातले पुष्कळ मूळ नमुने आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. जुनं वर्णन कधी दोन ओळींचं असतं, "तपकिरी, मधे फिकट पट्टा" एवढंच. तेव्हा मूळ नमुन्याचा फोटो मिळवून, जमलं तर त्याच्या जननेंद्रियाची काचपट्टी पाहूनच निर्णय करावा लागतो.

गुलाबी बोंडअळीचं पूर्ण नाव पाहा: पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (साँडर्स, १८४४). साँडर्सने भारतातल्या कापसावरच्या नमुन्यांवरून तिला नाव दिलं, पण वंश, म्हणजे नावातला पहिला शब्द, दुसरा सांगितला होता. पुढे वंश बदलला, म्हणून साँडर्सचं नाव कंसात गेलं. वंश मूळचाच असता तर कंस नसता. कंसाची एवढी जोडी, पण ती सगळा इतिहास सांगते.

प्रजातीच्या वर्णनात काय काय असतं?

नाव, ते का दिलं, कोणते नमुने पाहिले, पंखांची लांबी, रंग, शिरांची मांडणी, जननेंद्रियाची चित्रं, कुठे सापडली, अळी काय खाते. पण या सगळ्याचा जीव एका छोट्या परिच्छेदात असतो. ही प्रजाती तिच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकांपासून कशाने वेगळी, हे तिथे सांगतात. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेतही हीच मागणी आहे: वेगळेपण दाखवणारी लक्षणं शब्दांत हवीत.

विद्यार्थी लिहितात, "हा पतंग सुंदर, तपकिरी असून पंखांवर नक्षी आहे." हे वाक्य हजार पतंगांना लागू पडतं. त्याऐवजी आपल्या ओळखीच्या दोघांवरून लिहून पाहा: "व्हिटेलाच्या पुढच्या पंखावर मधोमध पाचरीसारखा हिरवा पट्टा, दोन्ही कडा फिकट, इन्सुलानाचा पंख सबंध हिरवा, पट्टा नाही." वाचणाऱ्याच्या हातात पतंग असेल तर त्याला लगेच निवड करता येते. लक्षण जोडीने सांगा, "याच्यात असं, त्याच्यात तसं". "थोडा मोठा", "जरा गडद" असे शब्द वगळा आणि मिलिमीटर लिहा.

होलोटाइप म्हणजे काय?

त्या नावाचा धनी असलेला एकच नमुना. २००० पासून नवी प्रजाती जाहीर करताना हा नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला, हे स्पष्ट लिहावंच लागतं. उद्या वाद झाला तर पुस्तकातलं वर्णन बाजूला ठेवून त्या नमुन्याकडे जातात.

आपल्याकडे यात कायदाही आहे. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती शोधणाऱ्याने ठरवून दिलेल्या संस्थेला तसं कळवायचं असतं आणि नमुना तिथे जमा करायचा असतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे १९१६ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली संस्था, ही त्यातली एक. तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. घरच्या कपाटात ठेवलेल्या होलोटाइपचा पुढच्या अभ्यासकाला काही उपयोग नाही.

पतंगाला मारावंच लागतं का?

हा प्रश्न बहुधा लहान मुली विचारतात आणि मला तो टाळता येत नाही. ओळख पटलेल्या पतंगाला मारण्याचं काही कारण नाही. फोटो काढा, सोडून द्या. आमच्या पडद्यावर एका रात्रीत शेकडो येतात, बहुतेक सगळे पहाटे उडून जातात. पण आत काय आहे हे पाहिल्याशिवाय जी प्रजाती ओळखताच येत नाही, तिच्यासाठी मोजके नमुने घ्यावे लागतात. घेतलेल्या प्रत्येक नमुन्याची नोंद नीट ठेवणं, हे मी त्या जिवाचं देणं मानतो.

मला वेगळा पतंग सापडला तर मी काय करू?

आधी बसलेल्या जागीच फोटो काढा: वरून एक, बाजूने एक, जमलं तर खालून एक, शेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवून. शेताच्या बांधावर पतंग मेलेलाच मिळाला, तर टिश्यू पेपरच्या घडीत ठेवून डबीत घाला. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरते आणि बुरशी येते. मादीच्या वासाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकलेला पतंग ओळखीसाठी शक्यतो पाठवू नका. धडपडीत त्याचे खवले झडलेले असतात.

आणि चिठ्ठी लिहा. गाव, तालुका, जिल्हा, फोनवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, किती वाजता, कशावर बसला होता, कोणाला सापडला. पेन्सिलने लिहा.

चिठ्ठीवर मी इतका जोर देतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीने आगपेटीत कापूस घालून एक बारकं राखाडी पाखरू आणलं. "मोहाच्या खोडावर बसलं होतं," म्हणाली. त्या दिवशी चार गावांतून अशा आगपेट्या आल्या होत्या. मी घाईत जेल पेनने "मोह, जुलै" एवढंच लिहिलं. दोन वर्षांनी थंडीत तो नमुना उघडला. मादी होती, आणि पिशवीतला काटेरी ठिपका मी पाहिलेल्या कोणत्याच चित्राशी जुळेना. ती मुलगी तोवर शिकायला बाहेरगावी गेली होती आणि पाखरू नेमकं कोणत्या गावचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. चूक माझी होती. एकच मादी, नराचा पत्ता नाही, गावाचा पत्ता नाही, अशा नमुन्याला नाव द्यायला माझं मन होत नाही. तेव्हापासून तीन पावसाळे त्या चारही गावांत मोहाखाली पडदा लावतो आहे. अजून दुसरा नमुना मिळालेला नाही.

जंगलातून पतंग आणले तर चालतात का?

ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, कोणतंही अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्प असो, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही कीटक उचलू नका. आपल्या अंगणात किंवा शेतात फोटो काढायला अडचण नाही. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिला सांगा, लोकजैवविविधता नोंदवहीत पतंगांचं पान बहुधा कोरंच असतं. परदेशी अभ्यासकाने नमुना मागितला, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहिल्याशिवाय टपालात टाकू नका.

नव्या प्रजातीला माझं नाव देता येईल का?

वर्णन करणारा स्वतःचं नाव देत नाही, तसा शिष्टाचार आहे. दुसऱ्याच्या सन्मानार्थ देता येतं, पुरुषाचं असेल तर शेवटी "आय" आणि स्त्रीचं असेल तर "एई" ही लॅटिन अक्षरं जोडून. स्थळावरून द्यायचं तर शेवटी बहुधा "एन्सिस" लावतात. मला स्वतःला गावाचं किंवा झाडाचं नाव जास्त आवडतं. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला निदान कुठे शोधायचं ते कळतं.

सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत किती वेळ लागतो?

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नमुना गोळा झाल्यापासून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं दिसलं. त्यात फक्त पतंग नव्हते, सगळ्या प्रकारचे जीव होते. म्हणून फोटो पाठवून आठवड्याने "काय झालं सर?" विचारलंत तर मी रागावणार नाही, पण उत्तर नसेल.

शेतकऱ्याला या सगळ्याचा काय उपयोग?

कामगंध सापळ्यातली ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, प्रजातीप्रमाणे वेगळी असते. गुलाबी बोंडअळीच्या ल्यूरला ठिपक्यांच्या बोंडअळीचा नर येणार नाही. नाव चुकलं तर सापळा रिकामा राहतो, शेतकऱ्याला वाटतं कीड नाही, आणि आत बोंडं पोखरली जातात. २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने विदर्भाचा कापूस कसा खाल्ला, हे सांगायची गरज नाही. मित्रकीटकांचंही तसंच, कोणता कोणावर जगतो हे नावावरूनच शोधता येतं.

तुमचा पडदा पाहायला येता येईल का?

जरूर या. जून ते सप्टेंबर, अमावास्येच्या आगेमागे, अंधार पडल्यापासून मध्यरात्रीपर्यंत असतो. चांदणं असलं की पतंग कमी येतात. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो, तेव्हा सलग लावतो. पायात बूट घाला, विंचू-सापांचे दिवस असतात. टॉर्च, वही आणि पेन्सिल आणा. मुलांना आणलंत तर आगपेटी माझ्याकडून मिळेल, चिठ्ठी मात्र त्यांनी जागेवरच लिहायची.